कालयंत्र आणि रिकामा गाभारा

कुलदैवत निवडावे लागत नाही. ते जन्माबरोबरच पदरी येते. इष्टदैवताचे तसे नाही. घरच्या देव्हाऱ्यात पाचसात देव असताना मन एखाद्याच मूर्तीपाशी का थबकते, हे ज्याचे त्याला ठाऊक. पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. कलाकृतींच्या आवडीनिवडीचेही काहीसे असेच आहे. माझा नातू तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिकतो. त्याने मध्यंतरी मला विचारले, "आजोबा, तुम्ही आजवर पाहिलेल्या विज्ञानपटांत सर्वांत आवडता कोणता?" प्रश्न मुलाचा, परंतु उत्तर द्यावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, ही निवड सांगताना चित्रपटाइतकेच स्वतःविषयीही सांगावे लागणार. आदिलाबादेत जन्म घालविलेल्या एका मराठी माणसाचे हे उत्तर आहे. ते त्याच दृष्टीने वाचावे, अशी वाचकांस विनंती.

या मानाचे दावेदार थोडेथोडके नाहीत. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०२ साली तोफेच्या गोळ्यात माणसे बसवून त्यांना चंद्रावर धाडले आणि तो गोळा चंद्राच्या डोळ्यात रुतविला. त्या गमतीला शतक उलटून गेले तरी हसू येतेच. १९२७ च्या जर्मन 'मेट्रोपोलिस'मध्ये वर श्रीमंतांचे गगनचुंबी मनोरे आहेत आणि खाली यंत्रांपाशी राबून झिजणारी माणसे. १९६८ साली, म्हणजे मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या एक वर्ष आधी, आलेल्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'त वानरवत् आदिमानव एक हाड आकाशात भिरकावतो आणि त्याच्या जागी एकाएकी अवकाशयान दिसू लागते; लक्षावधी वर्षे एका निमिषात सरतात. १९७२ च्या रशियन 'सोलारिस'मध्ये एक दूरस्थ ग्रह शोकाकुल शास्त्रज्ञापुढे त्याची मृत पत्नी पुन्हा उभी करतो. आपल्या दक्षिणेत १९६३ साली 'कलै अरसी' हा तमिळ बोलपट निघाला. त्यात परग्रहावरची माणसे पृथ्वीवर येतात ती सोन्यानाण्यासाठी येत नाहीत. त्यांना येथले गाणे हवे असते. ही कल्पना एखाद्या तमिळ रसिकालाच सुचावी!

या सर्वांना माझा नमस्कार आहे. तथापि मला विज्ञानपटात अवकाशापेक्षा काळाचे कोडे अधिक ओढून घेते. चित्रपट आणि काळ यांचे नाते तसे जन्मजातच म्हणावयाचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर येण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि त्याच्या वाढीची थोड्याथोड्या अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर अंकुर फुटून वेल झरझर वर चढताना दिसला, तेव्हा पाहणाऱ्यांचा विश्वास बसला आणि पुढच्या उद्योगाला भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. आपल्या देशी चित्रपटाचा ओनामाच असा काळ मुठीत धरून झालेला आहे.

काळाच्या कोड्याची आपली सर्वांत सुंदर कथा मात्र भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. कुशस्थलीचा राजा ककुद्मी आपल्या रेवतीला योग्य वर कोणता, हे विचारण्यासाठी तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गंधर्वांचे गायन चालू होते, म्हणून तो क्षणभर थांबला. गाणे संपल्यावर त्याने प्रश्न केला, तेव्हा ब्रह्मदेव हसले. राजाने ज्या वरांचा विचार केला होता ते, त्यांचे पुत्र, त्यांचे पौत्र, कोणीच आता उरले नव्हते; त्या एका क्षणात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली होती. रेवती अखेर बलरामाला दिली गेली. ककुद्मी परत आला खरा, परंतु त्याचे घर त्याला परत मिळाले नाही. कालप्रवासाच्या प्रत्येक कथेची खरी कसोटी, मला वाटते, हीच आहे: माणूस परत येतो का, आणि आल्यावर त्याला ओळखणारे कोणी उरते का?

हा प्रश्न आम्हा आदिलाबादकरांना केवळ पुराणातला वाटत नाही. आमचे गाव जागचे तसूभरही हलले नाही. राज्ये मात्र त्याच्यावरून निघून गेली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा अंमल, नंतर हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेश आणि २ जून २०१४ पासून तेलंगणा. १९५६ च्या पुनर्रचनेत आमच्या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग मुंबई राज्यात गेला; उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्याचा भैंसा-मुधोळकडील भाग आमच्याकडे आला. पुढे २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले आणि गोदाकाठची बासरची सरस्वती निर्मल जिल्ह्यात गेली. माझ्या आईचे माहेर किनवट तालुक्यातले. ती लग्न होऊन आदिलाबादेस आली तेव्हा माहेर व सासर एकाच जिल्ह्यात होते. १९५६ साली एका रात्रीत माहेर मुंबई राज्यात गेले आणि सासर आंध्रात राहिले. यंत्रात न बसताच तिचा प्रवास घडला होता.

आता माझी निवड सांगतो. ती म्हणजे १९९१ च्या जुलैत प्रदर्शित झालेला तेलुगू बोलपट 'आदित्य ३६९'. दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवास राव. संगीत इळैयाराजा यांचे. नायक नंदमुरी बालकृष्ण. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची कालयंत्रावरची १८९५ ची कादंबरी सिंगीतम यांनी विद्यार्थिदशेत वाचली होती. तिचा अंकुर पडद्यावर फुटावयास कित्येक वर्षे लागली. कथेत एक हिऱ्याची चोरी आहे, एक विक्षिप्त पण सज्जन शास्त्रज्ञ आहे आणि त्याने बांधलेले कालयंत्र आहे. ते यंत्र नायक-नायिकेला प्रथम इ. स. १५२६ च्या विजयनगरात, कृष्णदेवरायाच्या दरबारी, नेऊन सोडते, नंतर इ. स. २५०४ च्या भविष्यात नेते. तेथे अणुयुद्धाने पृथ्वीची पाठ होरपळून गेली आहे आणि माणसे भूगर्भात राहत आहेत. आधुनिक तरुण आणि कृष्णदेवराय या दोन्ही भूमिका बालकृष्ण यांच्याच आहेत.

येथे एक मौजेचा धागा सांगितल्यावाचून राहवत नाही. हे सिंगीतम तरुणपणी के. व्ही. रेड्डी यांच्या हाताखाली १९५७ च्या 'मायाबझार'वर साहाय्यक होते. आपण जिला वत्सलाहरणाची कथा म्हणतो, तीच ती. त्या चित्रपटात 'प्रियदर्शिनी' नावाची एक पेटी आहे. जो तिच्यात पाहील त्याला मनातले प्रिय माणूस दिसते आणि श्रीकृष्णाने डोकावताच शकुनी दिसतो! त्या घरची यजमानीण, वत्सलेची आई, कोण? ककुद्मीची तीच रेवती. युगे ओलांडून आलेल्या मुलीच्या संसाराची कथा ज्याने तरुणपणी जवळून पाहिली, त्यानेच पुढे कालयंत्राचा चित्रपट काढावा, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

चित्रपट गावात लागला तेव्हा मी आईला घेऊन गेलो. शेजारच्या तेलुगू बाईही बरोबर होत्या. आईला तेलुगू कामापुरते समजे. यंत्र, चोर, हिरा यांत तिचे मन फारसे रमले नाही. परंतु पडद्यावर विजयनगर उभे राहिले आणि कृष्णदेवरायाचे नाव कानी पडताच ती ताठ बसली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अरे, आपला विठोबा नेला तो हाच का राजा?"

माझ्या अंगावर काटा आला. साऱ्या प्रेक्षागृहात त्या राजाकडे अशा नजरेने पाहणारी बहुधा ती एकटीच असावी. तेलुगू जनांना कृष्णदेवराय म्हणजे आंध्रभोज, 'आमुक्तमाल्यदा'चा कर्ता, तेनाली रामकृष्णाचा आश्रयदाता. वारकरी परंपरेत मात्र तो पंढरीचा विठ्ठल विजयनगरास घेऊन जाणारा राजा आहे, आणि पैठणचे संत भानुदास, नाथांचे पणजोबा, हे तो देव परत आणणारे भक्त. इतिहासकारांनी या कथेवर शंका घेतल्या आहेत. हंपीच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा आज मूर्तीवाचून रिकामा आहे, एवढे मात्र कोणीही जाऊन पाहावे.

परत येताना दोघी बायकांत वाद जुंपला. शेजारीणबाई आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "देवाला कोण नेतं, अक्का? जिथं बोलावणं येतं तिथं तो जातो." आई म्हणाली, "खरं आहे. मग भानुदासानं बोलावलं, अन् परत आला." दोघींचेही समाधान झाले. घरी आल्यावर मी आईला हिशेब करून दाखविला: परंपरेप्रमाणे भानुदासांचे निर्याण इ. स. १५१३ चे, चित्रपटातले साल १५२६, म्हणजे तोवर विठोबा पंढरीस केव्हाच परतला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मग त्या यंत्रवाल्यांनी थोडं आधीच जायला हवं होतं."

कोणी म्हणेल, आवडीचे हे कारण चित्रपटाच्या बाहेरचे झाले. आक्षेप रास्त आहे. 'आदित्य ३६९'ची युक्तिदृश्ये आजच्या मानाने भाबडी आहेत. खलनायक खलनायकासारखाच हसतो. मधूनच गाणी येतात. '२००१'च्या शेजारी त्याला बसविला तर तो खेडवळ पाहुण्यासारखा अवघडेल. परंतु कालयंत्राच्या चित्रपटाने करावयाचे मुख्य काम त्याने केले. त्याने पाहणाऱ्याला ज्याचा त्याचा भूतकाळ दाखविला. एकाच बाकावर बसलेल्या दोन बायकांना एकच राजा दोन प्रकारे दिसला, त्यांनी तो एकमेकींस दाखविला, आणि दुसऱ्या दिवशी ताकाची देवघेव नेहमीप्रमाणे चालू राहिली. सीमेवरच्या गावात याहून मोठा पराक्रम एखाद्या बोलपटाकडून अपेक्षिता येईल, असे मला वाटत नाही. आणि ज्याच्यावरून हे सारे घडले, तो राजा तरी कोण? तुळुव घराण्यातला, कन्नड मुलखात राजधानी असलेला आणि तेलुगूत काव्य करणारा. भाषेची कुंपणे त्याच्या दारी फारशी उंच नसावीत.

या पानांच्या कोंकणी वाचकांना ही गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. देव हलतो आणि तरी देवच राहतो, हे त्यांच्याइतके कोणी जाणलेले नाही. पोर्तुगीज अमलात, १५६० च्या सुमारास, श्रीमंगेशाचे लिंग नदीपलीकडे प्रियोळास नेण्यात आले. ज्या गावाहून ते नेले, त्या कुठ्ठाळीचे जुने नाव कुशस्थली. ककुद्मीच्या नगरीचेही नाव तेच! द्वारकेकडील ती कुशस्थली आणि गोव्याची ही कुशस्थली, दोन्हींच्या जाणाऱ्यांना जुने घर परत मिळाले नाही. परंतु प्रियोळास दिवा लागला, पालखी निघाली, पिढ्यांनी आपले कुळाचार तेथे नेऊन पोहोचविले. भानुदासांच्या कथेत देव परतला. मंगेशाच्या कथेत भक्तच देवामागोमाग नव्या गावी गेले. जाणाऱ्याला ओळखणारे दोन्ही ठिकाणी उरले.

माझी चिंता त्या ओळखणाऱ्यांचीच आहे. नातू हिंदीमुळे देवनागरी वाचतो, पण मराठी वाक्य त्याच्या जिभेवर अडखळते. कृष्णदेवराय त्याला शाळेने शिकविला. भानुदास त्याला कोणी शिकवावयाचे? 'आदित्य ३६९'ची उजळलेली प्रत एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाली, त्यानंतर आम्ही दोघांनी तो चित्रपट घरी बसून पाहिला. विजयनगर आले, तेव्हा मी त्याला त्याच्या पणजीचा प्रश्न सांगितला. त्याने चित्रपट थांबविला आणि विचारले, "विठोबाला कोणी नेलं होतं? अन् भानुदास कोण?" पुढचा अर्धा तास यंत्र विजयनगरातच उभे राहिले आणि आम्ही पंढरपूर, पैठण, हंपी असे हिंडून आलो. मी मराठीत सांगत होतो. तो मधूनमधून तेलुगूत विचारीत होता.

२५०४ साली माणसे भूगर्भात राहतील की चंद्रावर, हे मला सांगता येणार नाही. आदिलाबाद तोवर आणखी कोणकोणत्या राज्यांत जाऊन येईल, तेही सांगता येणार नाही. नातवाने मात्र त्या दिवशी चित्रपट पुढे सुरू करण्यापूर्वी हिशेब स्वतः करून पाहिला, पंधराशे तेरा आणि पंधराशे सव्वीस, आणि तेरा वर्षांचे अंतर मला मराठीत मोजून दाखविले.