आधी टक्, मग आवाज

टीव्हीखालच्या कप्प्यात तो ऐसपैस बसलेला असतो. रुंद, काळा, अंगानं जड. उचलायचं म्हटलं तर आधी कंबरेचा विचार करावा लागतो. हे वजन मुख्यतः पोटातल्या ट्रान्सफॉर्मरचं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं. दुकानदार त्याला ‘एव्ही रिसीव्हर’ म्हणतात, घरात तो नुसता ‘अ‍ॅम्प’. आमच्याकडे तो डीव्हीडीच्या काळात आला. त्यानंतर टीव्ही बदलला, सेट-टॉप बॉक्स बदलले, डीव्हीडी प्लेयर माळ्यावर गेला. हा मात्र जागचा हलला नाही.

बटण दाबल्या दाबल्या तो कधीच बोलत नाही. निळसर अक्षरं उमटतात, काही क्षण जातात आणि मग पोटातून ‘टक्’ असा आवाज येतो. स्पीकरकडे जाणाऱ्या तारांवर भलता डीसी दाब तर नाही ना, हे तो तेवढ्या वेळात तपासून घेतो. खात्री पटली की रिले जोडतो. शंका आली तर ‘प्रोटेक्ट’ एवढंच लिहितो आणि गप्प बसतो. स्वतःच्या हातून स्पीकर जळू नये, याची त्याला इतकी काळजी. त्याचं मोजणंही वेगळं. आवाज तो उणे डेसिबलमध्ये सांगतो. रात्री उणे ४५, रविवारच्या सिनेमाला उणे २५. शून्य म्हणजे चित्रपटगृहाच्या ठरीव पातळीच्या जवळचा आवाज. फ्लॅटमध्ये राहून त्यानं शून्य कधी गाठलं नाही आणि शेजाऱ्यांशी आमचे संबंध चांगले राहिले.

त्याचं शिक्षण डॉल्बी डिजिटलचं. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर चित्रपटगृहात आलेलं हे तंत्र पुढे डीव्हीडीतून घराघरांत पोचलं. एकाच तारेतून आलेला आवाज तो सहा वाटांनी वेगळा करतो आणि पंगतीतल्या जाणत्या वाढप्यासारखा ज्याच्या पानात जे हवं तेच वाढतो. संवाद मधल्या स्पीकरला, संगीत समोरच्या दोघांना, पाठीमागचा पाऊस मागच्या दोघांना आणि ढगांचा गडगडाट सबवूफरला.

आता वय दिसतं. नॉब उजवीकडे फिरवला तरी आकडा मधूनच खाली उतरतो. पाठीवर लाल-पांढऱ्या-पिवळ्या खाचांची गर्दी आहे, पण नव्या ४के चित्राला वाट देणारी एचडीएमआयची खाच नाही. म्हणून घरात विषय निघाला की नवा घेऊया. हाताशी रक्कम वीस-पंचवीस हजारांची. आईची तक्रार जुनीच होती. गाणी अंगावर येतात आणि बोलणं कळत नाही, म्हणून ती हिंदी सिनेमाही खाली अक्षरं लावून बघायची.

त्याचं कुठलं काम खरोखर थांबलंय, हे मी शांतपणे पाहिलं. थांबलं होतं ते चित्र पुढे पाठवण्याचं काम, आणि ते तर टीव्ही आता स्वतःच करतो. सगळी उपकरणं टीव्हीला जोडली आणि टीव्हीतून एक ऑप्टिकल तार याच्याकडे आणली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘डॉल्बी डिजिटल’ निवडलं, कारण पीसीएमवर ही तार दोनच वाटांचा आवाज नेते आणि मागचे स्पीकर मुके राहतात. तो पुन्हा सहा वाटांनी बोलू लागला. जास्त वॅटचा मोह मला झाला नाही. पन्नासचे शंभर वॅट केले तरी फरक पडतो तीन डेसिबलचा.

पैसे गेले ते आवाज जिथून प्रत्यक्ष बाहेर पडतो तिथे. समोरच्या स्पीकरांच्याच मालिकेतला मोठा सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर घेतला. अ‍ॅम्पच्या पाठीवर किती ओहम लिहिलेत ते आधी वाचलं, कारण त्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडला तर अ‍ॅम्प तापतो. त्याच्या डोक्यावरचा क्रोशाचा रुमाल काढला, सेट-टॉप बॉक्स बाजूला ठेवला. आतल्या कॅपॅसिटरांचा खरा वैरी उष्णता. तापमान दहा अंशांनी उतरलं तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. हा उपचार तर फुकटचा.

नव्या रिसीव्हरांत गुण आहेतच. माइक ठेवून खोलीचा आवाज मोजण्याची त्यांची हातोटी पुष्कळ सुधारली आहे, आणि २०१४पासून घरगुती यंत्रांत आलेलं अ‍ॅटमॉस आवाज डोक्यावर नेतं. ज्याला छतात स्पीकर बसवता येतात, त्यानं ते जरूर घ्यावं. आमच्या खोलीला गरज होती ती स्पष्ट बोलण्याची. आईनं आता खालची अक्षरं बंद करायला सांगितली आहेत.

एक दिवस त्याचे कॅपॅसिटर फुगतील, स्पीकरातून घुंईऽऽ असा आवाज येईल, ‘प्रोटेक्ट’ वारंवार दिसू लागेल. तेव्हा त्याला मी निरोप देईन. तोवर काम चोख करणाऱ्याला केवळ वयामुळे घराबाहेर काढणं मला मान्य नाही. थोड्या पैशात घरचा आवाज सुधारायचा असेल, तर आधी जुन्या यंत्रातलं जे शाबूत आहे ते ओळखावं आणि उरलेल्यावरच खर्च करावा.