चकाकते ते सारे रद्दी नसते

माणसाला एखादा छंद असावा, असं आमच्या वेळच्या क्रमिक पुस्तकात होतं. कोणता असावा हे मात्र त्यात सांगितलेलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस सभ्य समजला जातो. जुनी नाणी जमवणाऱ्याला लोक अभ्यासू म्हणतात. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवले, तर त्यांचं संग्रहालय झालं आणि ते बघायला परदेशातून लोक येऊ लागले. मी जमवतो ती रद्दी. आणि रद्दी तरी कसली? तर १९७१ ते १९७५ च्या सुमाराला इंग्लंडात डोळ्यांखाली चमकी लावून, ओठ रंगवून आणि वीतभर उंचीचे बूट घालून जे पुरुष गिटार वाजवत होते, त्यांच्या मुलाखती आणि फोटो छापणारी साप्ताहिकं. त्या संगीताला ‘ग्लॅम रॉक’ म्हणतात.

हे संगीत ऐन भरात होतं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत क्लार्क. मुक्काम राजगुरुनगर, म्हणजे जुन्या लोकांचं खेड. या चार गोष्टींचा छंदाशी ताळा जमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हिशेबातला फरक सापडत नसला की आम्ही बँकवाले तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतो. माझा छंद आमच्या घरच्यांनी गेली पंचवीस वर्षं तसाच सस्पेन्स खात्यात ठेवलेला आहे.

याची सुरुवात भेळेपासून झाली. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एस.टी. स्टँडवर भेळ खाल्ली. भेळ संपल्यावर कागद फेकायचा असतो. मी वाचला. तेल आणि चिंचेच्या पाण्यातून एक इसम माझ्याकडे बघत होता. कुरळे केस, गालावर चमचम, गळ्यात बायकी उपरणं. खाली नाव होतं मार्क बोलन. ते पान कलकत्त्याच्या ‘ज्युनियर स्टेट्समन’चं होतं, हे मला पुढे कळलं. डेस्मंड डॉइग यांच्या संपादकत्वाखाली ते १९६७ साली निघालं आणि १९७७ साली बंद पडलं. या दहा वर्षांत भारतातल्या पोराटोरांना केस किती वाढवावेत आणि पँटची मोहरी किती रुंद ठेवावी, हे त्या ‘जेएस’नेच शिकवलं. त्यातली पोस्टरं हॉस्टेलच्या भिंतींवर लागत. त्यातलंच एक पान वीस वर्षांनी भेळवाल्याकडे पोचलं होतं. भेळवाल्याकडचे उरलेले कागद मी पाच रुपयांना मागितले, तेव्हा त्याने आधी पैसे घेतले आणि मग काळजीने विचारलं, “घरी कुणी आजारी आहे का?”

तर हा बोलन १९७१ साली बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात डोळ्यांखाली चमकी लावून आला, आणि ग्लॅम रॉक तिथून सुरू झाला असं जाणकार मानतात. पुढच्या वर्षी, ६ जुलै १९७२ च्या कार्यक्रमात, डेव्हिड बोवीने गाता गाता शेजारच्या गिटारवाल्याच्या गळ्यात हात टाकला, आणि घरोघरचे इंग्रज बाप खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणतात. हे मी आमच्या शिपायाला सांगितलं. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “मग पुढं काय झालं?” त्याचंही बरोबर आहे. आमच्याकडे दोन मित्र गळ्यात गळे घालून बाजारपेठेतून वाड्यापर्यंत जातात आणि कुणी मानसुद्धा वर करत नाही.

बोवीचा फोटो दाखवला तर म्हणाला, “भाऊसाहेब, हा कोणत्या फडातला?”

हसण्यासारखं यात काही नाही. नारायणगाव आमच्याच रस्त्यावर आहे. जत्रांचा हंगाम जवळ आला की तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला जातात. त्यामुळे रंगवलेला पुरुष बघून आमच्याकडे कुणी दचकत नाही. आणि तमाशाचं राहू द्या, नारायणराव राजहंसांनी १९११ साली ‘मानापमान’मध्ये भामिनी उभी केली, तेव्हा बोवीच्या वडिलांचंही लग्न व्हायचं होतं. बालगंधर्वांनी नेसलेलं लुगडं आणि घातलेला दागिना बघून घरंदाज बायका तसं नेसू-घालू लागल्या. नाटकाच्या पदांची पुस्तकं थिएटरात विकली जात आणि लोक ती देवघरातल्या पोथीसारखी जपत. इंग्रजांनी हे सगळं केलं, पण साठ वर्षं उशिरा. एवढ्या उशिरा व्हाउचर आलं तर आम्ही घेत नाही.

माझा संग्रह म्हणजे लाकडी कपाटाचे दोन कप्पे आणि पलंगाखालची एक पत्र्याची पेटी. त्यात ‘जेएस’चे अंक आहेत. ‘यादों की बारात’ (१९७३) आणि ‘हम किसी से कम नहीं’ (१९७७) यांची गाण्यांची पुस्तकं आहेत, कारण आपल्याकडची चमकी शेवटी सिनेमातच लागली. आणि ‘मेलडी मेकर’ व ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या अस्सल विलायती साप्ताहिकांचे एकवीस अंक आहेत. हे अंक पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले. तिथे ते कसे आले? माझा आपला तर्क असा, की १९७४ साली रजनीश पुण्यात आले आणि त्यांच्यामागून गोरी मंडळी आली. संन्यास घेतल्यावर माणूस पहिल्यांदा रद्दी टाकतो.

या अंकांत मला सगळ्यांत प्रिय आहेत त्या मागच्या पानावरच्या छोट्या जाहिराती. ड्रमवाला पाहिजे. गाणारा पाहिजे, स्वतःची गाडी असल्यास प्राधान्य. अगदी आपल्या वधू-वर सूचकासारखं. १९६७ साली ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मधल्या एका जाहिरातीला दोन अनोळखी पोरांनी उत्तर पाठवलं. एकाला चाली सुचायच्या, शब्द नाहीत. दुसऱ्याला शब्द सुचायचे, चाल नाही. कचेरीने दोघांची गाठ घालून दिली. ते एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिन. इतका यशस्वी संसार आमच्या भागातल्या कुठल्याही मंडळाने जमवलेला नाही. ‘मेलडी मेकर’ १९२६ पासून चालून २००० साली बंद झालं, पण त्या जाहिराती वाचताना अजूनही वाटतं, की एखादं पोस्टकार्ड टाकून बघावं.

“त्यापेक्षा गॅसचा नंबर लावा,” आमची ही म्हणते.

हिचा विरोध तत्त्वाला नाही, जागेला आहे. वर्तमानपत्री कागद आधी पिवळा होतो, मग तपकिरी, मग त्याचा पापड होतो. त्यात कसर लागते. मी डांबराच्या गोळ्या टाकतो. मग घरभर तो वास सुटतो आणि पाहुणे जेवायला थांबत नाहीत. हा फायदा हिने एकदाही जमेला धरलेला नाही.

“या चिंध्यांचं पुढे होणार काय?” ही विचारते.

मग मी तिला पाचगणीची गोष्ट सांगतो. झांजिबारच्या एका पारशी घरातला फारुख बलसारा नावाचा आठ वर्षांचा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकायला येतो. तिथे मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढतो. पुढे इंग्लंडला जातो आणि फ्रेडी मर्क्युरी होतो. त्याचं १९९१ साली निधन झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनला त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात मिशी विंचरायची एक चांदीची फणी होती. अंदाज होता चार-सहाशे पौंडांचा. गेली १,५२,४०० पौंडांना. म्हणजे आपले दीड कोटी रुपये!

“फणी ना?” ही म्हणाली. “मग तुमची जपून ठेवते. तशीही तुम्हाला आता लागत नाही.”

गेल्या वर्षी बँकेतल्या एका ओळखीच्या खातेदाराने निरोप दिला, की पिंपरीला त्यांच्या नात्यातल्या एक काकू घर बदलताहेत. काका वारून दोन वर्षं झाली. त्यांची एक ट्रंक आहे, ‘तुमच्या त्या रंगवलेल्या लोकांची’. दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. मोठ्या दोन पिशव्या घेतल्या आणि निघालो. चाकणच्या चौकात गाडी अशी अडकली, की तेवढ्या वेळात बोवीची सगळी गाणी मनात म्हणून झाली.

ट्रंक उघडली आणि मी खाली बसलो. ‘जेएस’ सलग तीन वर्षांचे. पोस्टरं घडी न मोडलेली. विलायती साप्ताहिकं सुतळीने बांधलेली. काका भोसरीला टर्नर होते, आणि ही रद्दी त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून जमवलेली. समासात पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिलेले. ‘ग्लिटर’ म्हणजे चमकी. ‘आउटरेजस’ म्हणजे, तीन वेळा खोडून, ‘आगाऊ’.

“रद्दीवाला अडीचशे म्हणतोय,” काकू म्हणाल्या. “मुलगा फोनवर म्हणाला, देऊन टाक. तुम्ही तीनशे द्या न् घेऊन जा, साहेब. नव्या घरी जागा नाही.”

शिल्लक मालाची किंमत कशी धरायची, तर खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, जे कमी असेल ते. हे मला बी. कॉम.ला शिकवलेलं आहे. तीनशे देऊन निघालो असतो तर एकाही ऑडिटरने हरकत घेतली नसती. मी पाकीट काढलंसुद्धा. तेवढ्यात एका अंकातून वहीचा अर्धा कागद खाली पडला. काकूंना चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून मी वाचला.

‘गिटार वाजवणाऱ्यास साथीदार पाहिजेत. ड्रम असल्यास उत्तम. नसल्यास डबा चालेल. भेटण्याची वेळ : दुसरी पाळी सुटल्यावर.’

“हे कुठं लावलं होतं यांनी?” काकूंनी विचारलं.

कागदाला टाचणीचं भोक नव्हतं, डिंकाचा डाग नव्हता. “लावलेलं दिसत नाही,” मी म्हणालो.

काकू कागद हातात घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, “लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी एकच अट घातली होती. मुलाने केस कापायचे. यांनी दुसऱ्या दिवशी कापले. गिटार कधी होती, ते मला आत्ता कळतंय.”

मी पाकीट आत ठेवलं. “काकू,” म्हटलं, “हा माल पंधरा हजारांच्या खाली कुणाला देऊ नका. मुंबईचा गिऱ्हाईक वीससुद्धा देईल.” हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला, पण खातेदाराच्या शिलकीचा आकडा त्याला खरा सांगायचा, ही सवय बावीस वर्षांची आहे.

“पंधरा हजार?” काकू ताठ बसल्या. “पंधरा हजारांची वस्तू माझ्यापासून चाळीस वर्षं ट्रंकेत ठेवली? मग आता नाही विकायची. एकेक पान बघणार मी.” जरा थांबून म्हणाल्या, “इंग्रजी मला येत नाही. तू येतोस का रे वाचून दाखवायला?”

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी पिंपरीला जातो. अंक मी वाचतो, अर्थ मराठीत सांगतो, आणि अडलो की काकांचा समास बघतो. काकूंना बोवी फारसा पटत नाही. तो जेवत नसावा, असं त्यांचं मत आहे. ‘स्लेड’ मात्र आवडतात. हे लोक गाण्यांच्या नावांचं स्पेलिंग मुद्दाम चुकीचं करत आणि इंग्लंडातले मास्तर चिडत, हे सांगितल्यावर काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नव्या घरात ट्रंकेला जागा झाली, दिवाण गेला.

पहिल्या वेळी दोन्ही पिशव्या रिकाम्या घेऊन मी घरी आलो, तेव्हा ही दारातच उभी होती. “काय आणलंत?”

“चकल्या,” मी म्हणालो. काकूंनी दिलेला डबा पुढे केला.

तिने मला नीट बघून घेतलं, चकली तोंडात टाकली आणि त्या दिवसापासून पलंगाखालच्या पेटीबद्दल काही बोललेली नाही. तो कागद काकूंनी नव्या घरात दारामागे लावलाय, सुटी पाळी आणि वेळेसकट. गिटार कुणाकडे नाही, ड्रमवाला अजून आलेला नाही. डबा मात्र दर महिन्याला जातो-येतो.