नावाला नमस्कार, पण कान आपलेच!

मैत्रिणींनो, एखाद्या नामवंत गवयाचं गाणं आवडलं नाही, असं चारचौघींत म्हणून तर पाहा. लगेच कुणीतरी डोळे वटारील, "तुला काय कळतंय गाण्यातलं?" म्हणून आपण बहुतेक जणी मुकाट्यानं मान डोलावतो. हे मुकाट्यानं बसणं काही खरं नव्हे, असं मला वाटतं.

२०१८ सालच्या थंडीत आमच्या गावच्या नाट्यगृहात एका फार थोर गायकांची मैफल झाली. नाव सांगत नाही. माहेरी त्यांच्या यमनची कॅसेट होती. दिवेलागणीला वडील ती लावायचे. तो आवाज कानात घेऊनच मी सासरी आले म्हणा ना! तिकीट पाचशेचं. तीन तिकिटांचे पंधराशे मी माझ्या अर्ध्या वेळच्या शिक्षिकेच्या पगारातून थोडे थोडे बाजूला काढले. सासूबाईंचा स्वयंपाक करून झाकून ठेवला. पाचवीतल्या मुलीला मुद्दाम बरोबर घेतलं, कारण ती गाणं शिकते.

कार्यक्रम सव्वा तास उशिरा सुरू झाला. तंबोरा नीट लागला नाही म्हणून त्यांनी मागं बसलेल्या शिष्याला सगळ्यांदेखत झापलं. मग यमनच धरला. पण वरचा षड्ज काही लागेना. ताना शिष्य घेत होता आणि बुवा नुसते हातवारे करत होते. पाऊण तासात भैरवी! तरी सभागृहात 'वाहवा' चालूच.

परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, "आई, आजोबांचा सूर खाली राहत होता ना गं?"

"असं बोलू नये. केवढा मोठा माणूस!" हे म्हणाले.

मी म्हटलं, "मोठे आहेतच. पण तू बरोबर ऐकलंस."

यांना ते आवडलं नाही. दोन दिवस घरात थोडी धुसफूसच होती. पण मुलीला आम्ही गुरूकडे पाठवतो ते कान तयार व्हावा म्हणून. आणि तयार झालेल्या कानावर विश्वास ठेवू नकोस, असं आपणच कसं सांगायचं?

तसं पाहिलं तर यात आश्चर्य नाही. वय झालं की दम पुरत नाही, गळा पूर्वीसारखा फिरत नाही. शिवाय आपण घरी ऐकतो ते त्यांचं उमेदीतलं, निवडक गाणं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तेवढ्यात गवई आपलं उत्तम ते ओतायचे. मैफलीत मात्र त्या रात्री गळा जे देईल तेच.

मग वेळेवर थांबत का नाहीत? केसरबाई केरकरांनी १९६०च्या दशकात जाहीर गाणं बंद केलं. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली! पण असं थांबणं प्रत्येकाला परवडत नाही. बालगंधर्वांच्या डोक्यावर कंपनीच्या कर्जाचा डोंगर होता. उतारवयात पाय अधू झाले, तरी ते बसून भजनं गात राहिले. गवयाला कुठली आलीय पेन्शन? चूल पेटायची तर तंबोरा हाती धरावाच लागतो. हे कळलं की राग ओसरतो. पण राग ओसरला म्हणून उतरलेला सूर चढा म्हणायचा का?

म्हणून मी आपली अशी वाट काढली आहे. थोर माणसाला वाकून नमस्कार करायचा, त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं जिवापाड जपायची आणि तिकिटाला पैसे काढायचेच तर मागं बसून ताना सांभाळणाऱ्या शिष्याच्या मैफलीला काढायचे. उद्याचं गाणं त्याच्याच गळ्यात आहे.

आणि लेकीनं विचारलं, तर खरं तेच सांगायचं. लेकीबाळींना पुढं आयुष्यभर "तुला काय कळतंय?" ऐकायचंच असतं हो. निदान आपल्या तोंडून तरी ते त्यांच्या कानी पडू नये!