मंत्रचळ आणि रक्तातला आकडा

ज्या विकाराला मानसशास्त्राच्या पुस्तकांत लांबलचक नाव आहे, त्याला मराठीत ‘मंत्रचळ’ असा नेमका शब्द आहे. मंत्र म्हणताना चूक झाली तर साधकाचे मन चळते, ही जुनी समजूत त्यामागे आहे. चुकीच्या भयाने तीच कृती पुन्हा पुन्हा करणे आणि तरीही ती पुरी झाली असे न वाटणे, हे आजाराचे मर्म त्या शब्दात आले आहे. मात्र त्याच शब्दाने दोषही रुग्णाच्याच पदरात टाकला आहे.

माझ्या पोलादपूरच्या पुतण्याला अकराव्या वर्षी हा विकार जडला. पावसाळ्यात सावित्री दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात वाड्यावस्त्या टँकरची वाट पाहतात, अशा तालुक्यात तासन्‌तास हात धुणारे मूल डोळ्यांवर यायला हवे होते. पण आजीला त्यात सोवळेपणा दिसला आणि तिने कौतुकच केले. शुद्धीचे वेड या भागाला परके नाही. 1927 साली शेजारच्या महाडला, चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्यायले, म्हणून सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले होते. समाजाच्या अशा धुण्याला धर्म म्हटले जाते. म्हणूनच कदाचित मुलाच्या धुण्यातला आजार ओळखायला, त्याच्या हातांची कातडी सोलवटेपर्यंत, आम्हाला वेळ लागला.

डॉक्टरांनी सर्ट्रालीन सुरू केले आणि जोडीला वर्तनोपचार सांगितले. 2004 साली अमेरिकेत 7 ते 17 वर्षांच्या 112 मुलांवर झालेल्या अभ्यासात हे दोन्ही उपचार एकत्र दिल्यावर सर्वांत चांगला परिणाम दिसला होता. आमच्याकडे मात्र दोन महिन्यांनंतरही फरक दिसेना. तेव्हा डॉक्टरांनी रक्तातील औषधाची पातळी तपासायला सांगितली.

ही तपासणी सर्रास करण्याची नव्हे. या औषधाचे रक्तातील प्रमाण साधारण 26 तासांत निम्मे होते. म्हणून रोजच्या मात्रेने पातळी स्थिरावायला आठवडाभर लागतो, आणि रक्त पुढची गोळी घेण्यापूर्वी काढावे लागते. प्रौढांसाठी दर मिलिलिटरला 10 ते 150 नॅनोग्रॅम अशी ऐसपैस मर्यादा सांगतात. मुलांत अमुक पातळीला अमुक गुण येतो, असे सिद्ध झालेले नाही. एकाच मात्रेने दोन मुलांच्या रक्तात वेगवेगळे आकडे दिसतात, कारण औषध मोडणारी यकृतातील विकरे जन्मतःच कोणात जलद, कोणात मंद असतात.

पुतण्याचा आकडा 10 च्याही खाली आला. याचे अर्थ दोन: शरीर औषध फार लवकर मोडते, किंवा औषध पोटात जातच नाही. मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांनी, आवाज न चढवता, गोळी कोण देते एवढेच विचारले. वहिनी बराच वेळ गप्प राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊजी, डब्यात ठेवून देत होते हो. पोराला सवय लागली असती, तर?”

तिची भीती अगदीच अनाठायी होती, असे मी म्हणणार नाही. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही हे खरे. पण त्या एकाएकी थांबवू नयेत, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाच्या मनात आत्मघाताचे विचार तर येत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे, असा इशारा 2004 पासून अमेरिकेतील औषध नियंत्रकांनीच दिलेला आहे. हे सारे तिला पहिल्याच दिवशी, तिला कळेल अशा मराठीत, कोणी सांगितले नव्हते. तिला चिठ्ठी मिळाली होती. संवाद मिळाला नव्हता.

नंतर गोळी नियमित सुरू झाली आणि काही महिन्यांत धुणे कमी झाले. ते पुरते थांबले नाही. त्या अहवालाने पुतण्याचा आजार मोजला नाही, तो मोजता येतही नाही. घरात दोन महिने दडून बसलेली एका आईची भीती मात्र त्याने बोलती केली. अशी भीती बोलती करायला दरवेळी मुलाचे रक्त काढावे लागू नये.