फॉरमॅट मारण्याआधी

वाईला मामांच्या छापखान्यात कोअर टू ड्युओचा जुना संगणक आहे. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि मागच्या पॅरलल पोर्टला श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरचा डोंगल. गेल्या पावसाळ्यात तो सुरूच होईना. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पडदा काळा, आणि आतून लांब बीप पुन्हा पुन्हा.

"अगं, दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल," मामा म्हणाले. पण श्रीलिपीची सीडी केव्हाच हरवलेली. हार्ड डिस्क काढून तिची नक्कल मी आधी लॅपटॉपवर घेतली. फायली हाताशी आल्या, पण एक मजकूर उघडून पाहिला तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडच्या आधीचा मजकूर तो; त्याचा फॉन्ट नसेल तर तो मराठी म्हणून वाचताच येत नाही. म्हणजे डिस्क वाचवून भागणार नव्हतं, हा संगणक आहे तसा उठायला हवा होता.

त्या बोर्डावर लांब बीप म्हणजे रॅमची तक्रार. वायर काढली, रॅमच्या पट्ट्या उपसल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, कण झटकले आणि पट्ट्या खटकन बसेपर्यंत दाबल्या. वाईच्या दमट हवेत त्या कडांवर पुट चढतंच. कपॅसिटर फुगलेत का तेही पाहिलं. सगळ्यांची डोकी सपाट होती.

बीप थांबला, पडदा उजळला, पण सीमॉसची माहिती पुसल्याचा इशारा आला आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर जेमतेम २ भरला. नवा बसवला. तरीही एक्सपीचं चिन्ह दिसून क्षणभर निळा पडदा चमके आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. फॉरमॅटचा सल्ला बहुतेक इथेच दिला जातो, आणि मला तो मनापासून खटकतो. एफ८ दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं, तेव्हा निळा पडदा स्थिर राहिला. त्रुटीच्या क्रमांकाच्या शेवटी ७बी होतं: विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती.

डिस्क तर धडधाकट होती, नक्कल विनातक्रार झाली होती. मग बदललं काय? सेल संपल्यावर बायोस मूळ सेटिंगवर गेला होता आणि त्यात साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआय झाला होता. एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसतो. हा संगणक इतकी वर्षं आयडीई मोडवर चालला होता. तेवढी एक ओळ बदलली, एफ१० दाबून जतन केली, आणि एक्सपी डेस्कटॉपपर्यंत आला.

मामांनी लगेच पेजमेकर उघडायला लावला. एका शिक्षकांचा कवितासंग्रह, मामांनीच जुळवलेला, पानंच्या पानं शुद्ध मराठीत समोर आली. त्या संध्याकाळपासून मामा एकेका पुस्तकाची पीडीएफ करत आहेत. बायोसच्या त्या पानाचा फोटो छापून मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.