बोटाखालचा चावा

गळाला मासा लागण्याआधी बोटाला काहीतरी कळतं. ते काहीतरी ओळखण्यात प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षं गेली, आणि आता नेमकं तेच त्याच्या हातून निसटू लागलं आहे. रक्तातल्या साखरेने उजव्या तर्जनीचं टोक बधिर केलं. पेन धरताना, दाराची कडी लावताना त्याचं काही अडत नाही. तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर, अडतं. शिंगाळ्याची पहिली टोच आता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोचते ती दुसरी किंवा तिसरी, आणि तोवर गळावरची कोळंबी गेलेली असते.

बोट असं झालं त्याच सुमारास बहिणीची नात मागे लागली. "मामाआजोबा, मला गरवायला शिकवा. पण सोप्या जागी न्या." मुंबईत सोपी जागा कुठली, हा प्रश्न नवखे लोक नेहमी विचारतात आणि त्यांना उत्तर मिळतं ते मासे कुठे लागतात याचं. लेखकाचं मत वेगळं आहे, आणि ते तो हट्टाने मांडतो. शिकाऊ माणसाला भरपूर मासा देणारी जागा नको. चावा स्वच्छ कळू देणारी जागा हवी. या दोन जागा क्वचितच एक असतात.

त्याची स्वतःची शाळा वरळीच्या खडकांवर भरली. काळा कातळ, त्यावर कालवांचे धारदार थर, आणि फटीफटीत अडकून राहिलेली दुसऱ्यांची शिसं. तिथे मासा होता, पण शिकणं फार महाग पडायचं. लाट दोरी उचलते, खाली सोडते, पुन्हा उचलते. त्या उचलण्यात माशाची टोच मिसळून जाते. कालवावर घासलेला तंगूसही अगदी चाव्यासारखाच थरथरतो. लाटेचा ठेका एकदा अंगात भिनला, की तो मोडणारी टोच वेगळी ऐकू येते. पण हे व्हायला त्याला इतका काळ लागला, की त्याच्याबरोबर सुरुवात केलेले बहुतेक जण मधेच कंटाळून क्रिकेटकडे वळले.

ती जागा आता नाही. कोस्टल रोडचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं, त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुरू करू दिलं, आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. १११ हेक्टर भराव समुद्रात पडला. वरळी कोळीवाड्यातल्या लोकांनी क्लीव्हलँड बंदरातून होड्या सुखरूप ये-जा करता याव्यात म्हणून या रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं. ठरलं होतं ६० मीटर, झगडून ते १२० मीटर झालं. त्यांचं पोट त्यावर होतं. हौसेने गरवणाऱ्याचं पोट त्यावर नसतं, म्हणून त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही तक्रार केली नाही. पण ज्या खडकावर डोळे मिटून गळ टाकता यायचा, त्याच्या जागी भराव आहे, आणि हे नुकसान त्याला आजही सलतं.

नातीला कुठे न्यायचं, हे ठरवताना त्याने सगळं शहर मनातल्या मनात फिरून पाहिलं.

मरीन ड्राइव्ह पहिल्यांदा बाद. कठड्यावर बसून गळ टाकणारे तिथे नेहमी दिसतात, म्हणून नवख्याला ती जागा सोपी वाटते. पण खाली टेट्रापॉड आहेत. लाट मोडण्यासाठी टाकलेले ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे शिसं गिळतात, आणि त्यांवर उतरलेल्या माणसाचा पाय शेवाळावरून घसरला तर त्यालाही दोन ठोकळ्यांच्या मधे घेतात. बँडस्टँडचे खडक ओहोटीला फार मोहवतात. पाणी दूर गेलेलं, पुढे पुढे चालत जावंसं वाटतं, आणि भरती मागच्या खळग्यातून आधी भरते. पुढे गेलेला माणूस चारी बाजूंनी पाण्यात अडकतो. जुहूचा उतार इतका सपाट, की गळ बराच लांब फेकावा लागतो आणि मधल्या प्रत्येक फुटणाऱ्या लाटेचा धक्का बोटाला येतो. ससून डॉक १८७५ चा. पहाटे तिथे आमिषासाठी ताजी कोळंबी घ्यायला जावं, गरवायला नाही. ती कामाची गोदी आहे, तिथे हौशी माणसाने कुणाच्या पायात येऊ नये. माहीमच्या खाडीत मिठी नदी शहराची घाण आणून ओतते. तिथे शिंगाळा लागतो, पण तो घरी नेण्याजोगा नसतो. न्यायचाच नसेल तर त्याला दुखवावं कशाला, हे त्याचं ठाम मत. विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिथे गळ टाकायचा विचारही करू नये.

राहिला पवई. १८९१ मध्ये बांधलेला हा तलाव पिण्यासाठी उपयोगी पडला नाही, पण गळवाल्यांच्या पिढ्या त्याने घडवल्या. १९५५ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन याच तलावाच्या काठावर आहे. तिच्या नियमांत राहून, रीतसर परवानगी घेऊन बसलेल्या नवख्याला शेजारच्या जुन्या माणसाकडून एका सकाळी जे कळतं, ते एरवी कळायला वर्ष लागेल. इथे रोहू, कटला आणि चिलापी. लाट नाही, ओढ नाही, पाण्यावर बूच स्थिर. रोहू कणकेच्या गोळीजवळ आला की बूच आधी किंचित शहारतं, मग थांबतं, मग तिरकं होऊन चालू लागतं. पहिला धडा म्हणून याहून चांगलं काही नाही. मात्र तलावात मगरी आहेत, ही ऐकीव गोष्ट नव्हे. पाय पाण्यात सोडून बसायचं नाही आणि जलपर्णीत अडकलेला गळ काढायला उतरायचं तर मुळीच नाही. तंगूस तोडून मोकळं व्हावं.

नातीचं पवईत छान जमलं. तरीही लेखकाचं समाधान झालं नाही, आणि इथेच त्याचा जुना हट्ट वर आला. बूच डोळ्यांना शिकवतं. बोट कोरडंच राहतं. त्याला तिचं बोट शिकवायचं होतं.

म्हणून त्याने मनोरीची खाडी निवडली. मार्वेहून तरीने पलीकडे जायचं, बोटींची ये-जा जिथे होते तो धक्का सोडून बाजूला बसायचं, आणि तेही भांगाच्या, म्हणजे अष्टमी-नवमीच्या, दिवसांत. इथे तो आपल्याच जुन्या मित्रांशी वाद घालतो. ते म्हणतात, उधाणाला पाणी जोरात चढतं, मासा आत शिरतो, तेव्हाच गरवावं. मासा हवा असेल तर त्यांचं खरं आहे. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईचं पाणी ४ मीटरहून अधिक चढतं-उतरतं, आणि खाडीच्या अरुंद तोंडातून ते धावत जातं. त्या ओढीने तंगुसाला पोट येतं. शिसं तळाशी, टोक बोटाशी, आणि मधली दोरी कमानीसारखी वाकलेली. मासा टोचतो ती टोच त्या पोटात जिरते. अष्टमी-नवमीला पाण्याचा चढउतार निम्म्याहूनही कमी असतो. दोरी सरळ राहते. मासे कमी लागतात, पण जो येतो त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण आणि बाराच्या सुमारास ओहोटी. नात मोबाइलवर भरतीचं कोष्टक पाहते. ते जास्त अचूक असतं, हे तो मान्य करतो. तरी तिला पाऊणपटीचा हिशेब तोंडपाठ करायला लावतो, कारण त्यामुळे माणूस चंद्राकडे पाहू लागतो.

आता चाव्याबद्दल. शिंगाळा दोनदा टोचतो, थांबतो, मग घेऊन निघतो; निघाल्यावर झटका द्यावा, टोचल्यावर नाही. वर आला की पाठीवरचा एक आणि कुशीतले दोन करवती काटे आधी पाहायचे, पक्कड हातात घेऊनच गळ सोडवायचा. या जातीत नर अंडी तोंडात सांभाळतो आणि तेवढा काळ काही खात नाही, म्हणून गळालाही येत नाही. खेकडा टोचत नाही, खरवडतो. ओढ संथ आणि न थांबणारी. केंड सगळ्यांत वाईट. चावा कळतच नाही, दोरी एकदम हलकी होते आणि वर येतो तो कातरल्यासारखा तुटलेला तंगूस. पाकट बसली की वाटतं शिसं अडकलं, आणि मग अडकलेली जागाच हळूहळू सरकू लागते. प्लास्टिकची पिशवीही अशीच सरकते. अलीकडे खाडीत पिशव्या इतक्या झाल्या आहेत, की नव्या मुलांना पाकटीआधी पिशवीचा चावा ओळखावा लागतो. बोय तर इतक्या लहान तोंडाने कणीक चोखते, की बोटावर येतो तो फक्त एक भास.

हा भास आणि झटका यांच्यामधल्या क्षणात सगळी विद्या आहे. लवकर झटका दिला तर गळ तोंडातून निघून येतो, उशिरा दिला तर आमिष संपलेलं असतं. त्या क्षणाची लांबी दर माशागणिक, दर पाण्यागणिक बदलते, आणि ती कुणाला सांगता येत नाही. लेखकाने सांगून पाहिलं. "आता", "थांब", "अजून नाही". पण हे म्हणायला आधी त्याला कळायला हवं, आणि दोरी तिच्या बोटावर होती. स्वतःच्या बोटावर असती तरी काय उपयोग? मग त्याने दोरीकडे पाहणं सोडलं आणि तिच्या मनगटाकडे पाहू लागला. चावा आला की तिची करंगळी नकळत आत वळते. तिला ते माहीत नाही. करंगळी वळली की तो मनात मोजतो आणि म्हणतो, "आता."

एकदा तिने विचारलं, "मामाआजोबा, हा खातोय की नुसता बघतोय?" इतका नेमका प्रश्न त्याच्या बरोबरीच्या गळवाल्यांपैकी फार थोड्यांनी विचारला असेल. नुसतं बघणारा मासा आमिष ढकलतो, खाणारा ओढतो. ढकलल्यावर दोरी क्षणभर सैल पडते. बरेच जण फक्त ताण ओळखायला शिकतात. सैल पडणं त्यांच्या गावीही नसतं.

नव्या लोकांच्या ब्रेडेड लाइनबद्दल त्याचं मत कडक होतं. ती ताणली जात नाही, म्हणून खालचं सगळं वर पोचवते: मासा, लाट, दगड, तळाशी घासणारं शिसं. सगळंच पोचतं म्हणून शिकाऊ मुलगा प्रत्येक थरथरीला झटका देतो. नायलॉनचा तंगूस थोडा ताणला जातो आणि फालतू ते गाळतो. मोठे रॉड, चकाकते कृत्रिम मासे, किलोच्या हिशेबात बोलणं आणि लागलेला मासा दोन्ही हातांनी कॅमेऱ्यापुढे धरणं, यांतलं त्याला काहीच आवडत नाही. त्यांच्यातले काही जण उत्तम गरवतात, हे त्याने पाहिलं आहे. जितडा त्यांनाच जास्त लागतो. ते पाहून त्याला वाईट वाटतं, हेही खरं आहे.

या वाईट वाटण्याच्या मुळाशी अभिमान आहे, आणि तो लपवण्याचं काही कारण नाही. रॉड न घेता नुसत्या हाताने, तर्जनीवर तंगूस ठेवून गरवणारा म्हणून वरळीला लोक त्याला ओळखत. फिरायला आलेली माणसं मागे उभी राहायची. मासा लागण्याआधी तो "आला" म्हणायचा, आणि मग मासा यायचा. मागून "अरे!" असा आवाज उठायचा. त्या आवाजासाठी तो कित्येकदा पाणी चांगलं नसतानाही गेला आहे. नातीला शिकवायला तो तयार झाला त्यातही हे होतंच: आपलं बोट गेलं तरी आपल्या बोटाची ओळख कुणीतरी पुढे चालवावी.

आता त्याच्या पेटीत ब्रेडेड लाइनचं एक रीळ आहे. बधिर बोटाला ती दोरी थोडं काही कळवते. डाव्या हाताची मधली बोटं अजून शाबूत आहेत, त्यांनाही तो कामाला लावतोय, पण डावा हात सगळ्याच टोचा शिंगाळ्याच्या समजतो. नात मात्र तंगूसच वापरते. तिला ब्रेडेड लाइन देऊन पाहिली तर म्हणाली, "ही फार बडबड करते."

वरळीच्या बाजूला भरावाच्या कडेने नवा पदपथ झाला आहे. समुद्राच्या अंगाला मोठे दगड रचलेले आहेत. त्यांच्यावरून टाकलेली दोरी दगडांवर घासते आणि खाली उतरणं धोक्याचं. या शहराने तिथे थोडीशी जागा गरवणाऱ्यांसाठी राखावी, असं लेखकाला मनापासून वाटतं: पाण्याच्या वर थेट झुकलेला छोटा ओटा, मुलांच्या उंचीचा कठडा, तुटलेला तंगूस टाकायला डबा म्हणजे तो पक्ष्यांच्या पायांत जाणार नाही, आणि ४.५ मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवशी बंद होणारं फाटक. नवख्याला याहून चांगली जागा मुंबईत दुसरी नसेल. तशी जागा झालीच, तर पहिल्या दिवशी तिथे गळ नातीने टाकावा आणि मागे उभ्या राहिलेल्या लोकांना तिला कुणी शिकवलं ते कळावं, ही इच्छा त्याने बहिणीला आत्ताच सांगून ठेवली आहे.