वादळांच्या नोंदींचा शिरस्ता

अटलांटिक महासागरावर उठणाऱ्या हरिकेन वादळांच्या नोंदी अनेकांनी मिळून लिहावयाच्या, आणि त्या अशा की लिहिणारे हात निरनिराळे होते याची वाचकाला शंकाही येऊ नये, हे काम मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे. लेखनाचा शिरस्ता सर्वानुमते आधी ठरविल्याखेरीज अशा नोंदी खऱ्या उतरत नाहीत, हे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे.

वाऱ्याचा वेगच घ्या. मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र तो नॉटमध्ये, पाचाच्या पटीत नोंदविते. २९ ऑगस्ट २००५ रोजी लुइझियानातील ब्यूरासजवळ कॅटरिना किनाऱ्यास लागली, त्या वेळचा वेग ११० नॉट. हाच आकडा एकाने सरळ किलोमीटरमध्ये नेऊन पाचाच्या पटीत बसविला, तर ताशी २०५ येतो. दुसऱ्याने आधी मैलांत नेऊन १२५ केला आणि त्या १२५ मैलांचे किलोमीटर केले, तर २०० येतो. दोघांचाही हिशेब चोख असतो, पण एकाच मसुद्यात हे दोन्ही आकडे आले की वाचकाचा साऱ्या नोंदीवरचा विश्वास उडतो. म्हणून प्रत्येक एकक मूळ नॉटवरूनच स्वतंत्रपणे काढावे, असे आम्ही ठरविले. आकड्यासोबत सरासरीचा अवधीही लिहावा, हा माझा आग्रह आहे. कारण अमेरिकन केंद्र एका मिनिटाची सरासरी देते व आपले हवामान खाते तीन मिनिटांची, आणि ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ अंगावर घेतलेला रायगडचा वाचक हे आकडे शेजारी ठेवून पाहणारच.

तारखेचा वाद याहून नाजूक. २०१७ साली हार्वे टेक्ससच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे २६ ऑगस्टचे तीन वाजले होते, आणि रॉकपोर्टच्या घरांतील घड्याळांत २५ तारखेच्या, शुक्रवारच्या रात्रीचे दहा. समुद्रावरचा मार्ग प्रमाणवेळेने लिहावा हे मला मान्य आहे. परंतु ज्याचे छप्पर शुक्रवारी उडाले, त्याला ते शनिवारी उडाले असे आपण सांगू नये.

वादळाची श्रेणीही पुढे बदलते. कॅटरिना किनाऱ्यास लागताना चौथ्या श्रेणीची समजली गेली होती, ती फेरतपासणीत तिसरीची ठरली. १९९२ चे अँड्र्यू चौथ्या श्रेणीतून २००२ साली पाचव्या श्रेणीत गेले. अंतिम अहवाल प्रमाण मानावा, हे रास्तच आहे. तथापि, घर सोडावे की राहावे हा निर्णय लोकांनी त्या दिवशी जाहीर झालेल्या श्रेणीवर केलेला असतो, म्हणून इशाऱ्यांचा इतिहास लिहिताना तीच श्रेणी कायम ठेवावी लागते.

सर्वांत प्रदीर्घ चर्चा झाली ती मृतांच्या संख्येवर. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया प्वेर्तो रिकोवर आदळले. सरकारदप्तरी कित्येक महिने ६४ हाच आकडा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, सरकारने २,९७५ हा आकडा स्वीकारला. पहिल्यात वादळामुळे मृत्यू आल्याचा दाखला ज्यांच्यासाठी मिळाला तेवढेच आले होते. दुसरा म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात अपेक्षेपेक्षा जे अधिक मृत्यू झाले त्यांचा अंदाज. वीज नसताना उपचार खंडित होऊन जो रुग्ण आठवड्यांनंतर गेला, त्याच्यासाठी तसा दाखला नसेल, तर त्याला या दुसऱ्या हिशेबातच जागा मिळू शकते. कोष्टकाच्या एका रकान्यात यांपैकी कोणता आकडा घालावा, यावर आमच्यात मोठा मतभेद झाला, आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे कळकळीचे होते. अखेरीस जे कलम संमत झाले ते असे: मोजणारी संस्था, मोजणीचा अवधी आणि पद्धत यांवाचून मृतांचा आकडा लिहू नये, आणि रकान्यात तेवढी जागा नसेल तर तो कोरा ठेवून वाचकाला खालच्या मजकुराकडे पाठवावे.